उंदरांचं टाइम्ड मेटिंग: स्मिअर वाचायचा कसा, प्लग शोधायचा कसा आणि दिवस मोजायचे कसे

टाइम्ड मेटिंग म्हणजे नर-मादी ठरवून एका रात्री एकत्र ठेवायचे, म्हणजे गर्भ नेमका किती दिवसांचा ते कळतं. दरवर्षी विद्यार्थ्यांची नवीन बॅच आली की पंधरा-वीस दिवसांत कोणीतरी दारात येऊन उभं राहतं, "मॅडम, माझ्या उंदरांचं मेटिंगच होत नाहीये." मी एकच विचारते, तुझ्या रूमचा लाईट किती वाजता बंद होतो रे? बहुतेक वेळा समोर शांतता. नर कुठल्या स्ट्रेनचा (वाणाचा), मादी किती आठवड्यांची, वजन किती, सगळं तोंडपाठ असतं, पण लाईट कधी जातो ते मामांना (अॅनिमल हाऊस सांभाळणाऱ्यांना) विचारून सांगतो म्हणतात. आणि मेख तिथेच असते. माऊस हा रात्रपाळीवाला प्राणी आहे, त्याचं जे काही महत्त्वाचं असतं ते आपण घरी जाऊन जेवून झोपलो की होतं, सकाळी आपल्या हाताला लागतात फक्त पुरावे: एक स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशींची स्लाईड, आणि दुसरा प्लग, म्हणजे मेटिंगनंतर योनीत राहणारा कडक गोळा. ते पुरावे कसे वाचायचे एवढ्यासाठी हे लिहितेय, म्हणजे पुढच्या वेळी मला तेच तेच सांगायला नको.

आधी एक सांगून टाकते. हे घरी करायचे उद्योग नाहीत. संस्थेचं अॅनिमल हाऊस सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची समिती, अजून सगळे जुन्या सवयीने सीपीसीएसईएच म्हणतात) नोंदलेलं हवं, तुमचा प्रोटोकॉल आयएईसीने (संस्थेच्या प्राणी-नीती समितीने) पास केलेला हवा आणि त्यात जेवढे प्राणी लिहिलेत तेवढेच वापरायचे. टाइम्ड मेटिंग नीट जमलं की तोच प्रयोग निम्म्या माद्यांत होतो, त्यामुळे हे शिकणं ही नुसती सोय नाहीये, प्राण्यांच्या दृष्टीनेही बरं आहे.

शब्दांचा एक गोंधळ पण मिटवून घेऊ. मराठीत माऊस पण उंदीर आणि रॅट पण उंदीर. आमच्याकडचे मामा माऊसला "बारके" म्हणतात आणि रॅटला "मोठे", आणि मला अजून त्यापेक्षा बरे शब्द सापडलेले नाहीत. खाली जिथे नुसतं उंदीर म्हटलंय तिथे बारके समजा, मोठ्यांचं वेगळं असेल तिथे रॅट असं स्पष्ट लिहिलंय.

रूम आधी, उंदीर नंतर

लाईट टायमरवर पाहिजे, १२ तास उजेड १२ तास अंधार, काही जण १४-१० ठेवतात, दोन्ही चालतं. चालत नाही ते म्हणजे आज सहाला बंद, उद्या कोणी उशिरापर्यंत काम करतंय म्हणून नऊला बंद. मादीच्या मेंदूत एलएच नावाच्या हॉर्मोनची लाट उठते ती उजेड-अंधाराच्या घड्याळावर उठते, प्रोएस्ट्रसच्या, म्हणजे मादी मेटिंगला तयार होते (एस्ट्रस) त्याच्या आधीच्या टप्प्याच्या, दिवशी साधारण लाईट जायच्या आसपास, आणि त्यानंतर दहा-बारा तासांत म्हणजे मध्यरात्र उलटून गेल्यावर बीजं सुटतात. तुम्ही लाईटशी खेळलात की ही लाट सरकते, कधी उठतच नाही.

मी हे पुस्तकात वाचून शिकले नाही. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या रॅट रूमचा टायमर जळला आणि ट्यूबलाईट रात्रंदिवस चालू राहिली, रात्री आत कोणी जात नाही त्यामुळे कळायचा प्रश्नच नव्हता. दीड महिन्याने माझ्या स्मिअरच्या वहीत बघितलं तर ओळीने एस्ट्रस, एस्ट्रस, एस्ट्रस. मी आधी खूष झाले की वा, सगळ्या माद्या तयार आहेत. मग गाईड म्हणाले अगं बाई, चार दिवसांच्या सायकलमध्ये पंधरा दिवस सलग एस्ट्रस कसा असेल? सतत उजेडात ठेवलेल्या रॅट माद्या अशाच अडकतात, योनीच्या पेशी दाखवतात एस्ट्रस पण बीजं काही सुटत नाहीत. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा तरी रात्री दहाला जाऊन दाराच्या काचेतून डोकावते, आत अंधार आहे ना बघायला. वॉचमनला मी जरा सटकलेलीच वाटत असणार.

दुसरी गोष्ट उष्णता. २०-२६ डिग्रीत उंदीर सुखात असतात. मे महिन्यात एसी दोन-तीन दिवस बंद पडला की सगळे माद्यांकडे बघतात, पण फटका नराला बसतो आणि तो लगेच दिसत नाही. उंदरात शुक्राणू बनायला साधारण ३५ दिवस लागतात, रॅटमध्ये ५० च्या वर, त्यामुळे मेमध्ये वृषणात जे बिघडलं ते जूनच्या मेटिंगमध्ये उगवतं आणि तोवर एसी दुरुस्त होऊन सगळे विसरलेले असतात. म्हणून वहीत तापमान लिहा, रोज. कंटाळवाणं आहे, माहितीये.

आवाजाचं पण तसंच. वरच्या मजल्यावर ड्रिलिंग चालू असेल किंवा दिवाळीचा आठवडा असेल तर आम्ही बाळंतपणं त्या दिवसांत येणार नाहीत अशाच बेताने मेटिंग लावतो. एका वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तीन केजमध्ये पिल्लं अर्धवट खाल्लेली सापडली होती. फटाक्यांमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण परत ती रिस्क घेतली नाही.

चार दिवसांची सायकल

उंदराची आणि रॅटचीही सायकल, म्हणजे बीजं तयार होऊन सुटण्याचं चक्र, चार ते पाच दिवसांची. प्रोएस्ट्रस, एस्ट्रस, मेटेस्ट्रस, डायेस्ट्रस. यातलं डायेस्ट्रस सगळ्यात लांब, दोनेक दिवस खातं. मादी नराला जवळ येऊ देते ती प्रोएस्ट्रसच्या संध्याकाळपासून पुढच्या थोड्या तासांत, बाकी वेळी नराने कितीही मागे मागे केलं तरी ती त्याला हाकलते, प्रसंगी चावते. म्हणून कुठल्याही संध्याकाळी दहा माद्या कसंही बघून न बघून लावल्या तर दोन-तीन प्लग मिळतात आणि मुलं निराश होतात. अरे हिशोब तोच आहे, चार-पाचातली एकच मादी त्या रात्री तयार असते.

आता तयार कोण आहे ते ओळखायचं कसं, तर स्मिअरने. ही पद्धत जुनी आहे, १९१७ मध्ये न्यूयॉर्कला स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ यांनी गिनी पिगवर दाखवली, मग १९२२ मध्ये एडगर अॅलन यांनी माऊसवर आणि लाँग आणि इव्हान्स यांनी रॅटवर. हो, तेच पापानिकोलाऊ, बायकांची पॅप टेस्ट ज्यांच्या नावाने आहे ते. आपल्या आई-मावशीची जी तपासणी गायनॅककडे होते तिची सुरुवात गिनी पिगच्या स्लाईडवर झालीय, हे मी दर बॅचला सांगते आणि दर वेळी एक तरी मुलगी "काय सांगता" म्हणते.

स्मिअर घ्यायचा कसा

रोज एकाच वेळी घ्यायचा, सकाळी नऊ ते दहा धरा. आज नऊला उद्या चारला असं केलं तर वहीचा काही उपयोग नाही, कारण संध्याकाळपर्यंत स्टेज पुढे सरकलेली असते.

उंदीर असेल तर २० मायक्रोलिटरच्या आसपास कोमट नॉर्मल सलाईन, १० पण चालतं, २०० मायक्रोलिटरच्या पिपेटची टिप. रॅट असेल तर ड्रॉपर आणि ५०-१०० मायक्रोलिटर. मादीला केजच्या जाळीवर ठेवायची, पुढच्या पायांनी ती जाळी पकडते, शेपूट मुळाशी धरून हलकेच वर. टेकवून ठेवायची, लोंबकळवायची नाही. पहिले तीन-चार दिवस ती तुमच्यावर लघवी करणार, करू दे, उलट बरं, कारण लघवी आधीच झाली तर सलाईनमध्ये मिसळत नाही. आता टिप योनीच्या तोंडाशी टेकवायची. तोंडाशीच! आत खुपसायची नाही. सलाईन हळू आत सोडा, हळू परत ओढा, तीन-चार वेळा, पाणी जरा गढूळ दिसलं की झालं, स्लाईडवर एक थेंब.

हे "आत खुपसायची नाही" मी दहा वेळा बोलते त्याला कारण आहे. टिप गर्भाशयाच्या मुखाला लागली की मादीच्या शरीराला वाटतं मेटिंग झालं. मग ती खोट्या गर्भारपणात जाते, उंदीर असेल तर दहा-बारा दिवस, रॅट असेल तर बारा-चौदा. त्या काळात रोजचा स्मिअर डायेस्ट्रसच दाखवतो. मुलं येऊन सांगतात की मादीची सायकल बंद पडलीय, बहुतेक ड्रगचा इफेक्ट असेल. ड्रगचा कसला, तुझ्या टिपेचा इफेक्ट आहे तो. कंट्रोल ग्रुपमध्ये पण तेच दिसलं की मग तोंड उतरतं.

प्रत्येक मादीला नवी टिप. ड्रॉपर वापरत असाल तर मधे मधे धुवायचा, नाहीतर पहिलीच्या पेशी दुसरीच्या स्लाईडवर येतात आणि तुम्हाला सगळ्याच मेटेस्ट्रस वाटायला लागतात.

ओली स्लाईड तशीच मायक्रोस्कोपच्या १०एक्सखाली बघता येते, कंडेन्सर (खालून उजेड एकवटणारं भिंग) खाली घ्या म्हणजे कडा उठून दिसतात. हात बसेपर्यंत रंगवून बघा, स्लाईड वाळू द्या, ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, पाण्यात दोनदा हळू धुवा, बस. मिथिलीन ब्लू पण चालतं. रंगवलेल्या स्लाईडी ठेवून द्या, परीक्षेला किंवा पेपरच्या रिव्ह्यूअरला दाखवायला उपयोगी पडतात.

स्मिअर वाचायचा कसा

इथे मी स्वयंपाकघरातली भाषा वापरते, कोणी हसलं तरी चालेल, पण एकदा ऐकलं की विसरत नाही.

डायेस्ट्रस म्हणजे स्लाईडवर खसखस सांडलीय. बारीक बारीक गोल दाणे, या पांढऱ्या पेशी, ल्युकोसाईट. एखाददुसरी मोठी पेशी असेल, बाकी खसखसच. कधी कधी स्लाईडवर फारसं काही नसतं आणि चिकट म्युकस असतो, तेही डायेस्ट्रसच.

प्रोएस्ट्रस म्हणजे खिचडीला भिजवलेला साबुदाणा. गोल गोल टपोऱ्या पेशी, एकमेकींना चिकटून गठ्ठ्याने, आणि प्रत्येकीच्या मधे ठिपका, तो न्यूक्लियस. गठ्ठे दिसले आणि खसखस नाहीशी झाली की त्या मादीला आजच संध्याकाळी नराकडे पाठवायची, उद्यावर ढकलायचं नाही.

एस्ट्रस म्हणजे पातळ पोहे. मोठ्या, चपट्या, कडा वेड्यावाकड्या आणि दुमडलेल्या, मधे ठिपका नाही. या मेलेल्या, कडक झालेल्या पेशी, केराटिन भरलेलं असतं. कधी सुट्टे पोहे असतात कधी ढीग.

मेटेस्ट्रस म्हणजे पोह्यांवर खसखस भुरभुरवली. पोहे अजून आहेत पण पांढऱ्या पेशी आत यायला लागल्यात, थोडा साबुदाणाही सापडतो. नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण एका कोपऱ्यात बघितलं तर एस्ट्रस आणि दुसऱ्या कोपऱ्यात बघितलं तर डायेस्ट्रस वाटतं. म्हणून एका फील्डवर जायचं नाही, पूर्ण थेंब फिरून बघायचा आणि कोण किती आहे त्याचं प्रमाण बघायचं. एखादी पोह्याची पेशी प्रत्येक स्लाईडवर असतेच, तिच्यावरून एस्ट्रस लिहू नका.

आणि एका दिवसाच्या स्लाईडवर विश्वास ठेवायचा नाही. कमीत कमी दोन सायकली, म्हणजे दहा-बारा दिवस सलग वही लिहा. खसखस, खसखस, साबुदाणा, पोहे, परत खसखस, अशी माळ दिसली की ती मादी नियमित. कालची खसखस आणि उद्याची खसखस याच्या मधे जर आज तुम्ही पोहे लिहिलेत तर एक तर तुम्ही चुकलात नाहीतर केज चुकला. काल काय होतं ते न बघता आजचं लिहायचं आणि मग मिळवून बघायचं, नाहीतर मन आपोआप जे पाहिजे ते बघतं.

रोज पन्नास स्लाईडी करायला वेळ नसेल तर नुसतं बाहेरून बघूनही अंदाज येतो, आमचे मामा बघूनच सांगतात आणि बऱ्याचदा बरोबर असतात. प्रोएस्ट्रसमध्ये योनीचं तोंड उघडं, सुजलेलं, ओलसर, लालसर गुलाबी. एस्ट्रसमध्ये उघडंच पण कोरडं व्हायला लागलेलं, कडेला बारीक सुरकुत्या. डायेस्ट्रसमध्ये मिटलेलं, जरा निळसर जांभळट. ब्लॅक सिक्ससारख्या काळ्या उंदरात रंग कळायला त्रास होतो, पांढऱ्या स्विसमध्ये सोपं जातं. मेटिंग लावायला एवढं पुरतं, पण प्रयोगात सायकलवरच निष्कर्ष काढायचा असेल तर स्लाईडला पर्याय नाही.

मेटिंग: बुधवार ते शनिवार

नर वेगळा ठेवायचा, एका केजमध्ये एकच, निदान आठवडाभर आधीपासून, म्हणजे त्याचा वास त्या केजला बसतो. आठ आठवड्यांच्या पुढचा, आधी प्लग दिलेला असेल तर उत्तम. माद्या पण सहा-आठ आठवड्यांच्या पुढच्या घ्या, रॅट असेल तर दहा-बारा.

माद्या खूप जणी एकत्र, नराच्या वासापासून लांब ठेवल्या की त्यांच्या सायकली मंदावतात, काही थांबतातच. १९५५ मध्ये ली आणि बूट या डच लोकांनी हे लिहिलंय म्हणून ली-बूट इफेक्ट. ऐकायला वाईट वाटतं पण आपल्याला हे सोयीचं आहे, कारण अशा थांबलेल्या माद्यांना नराच्या लघवीचा वास मिळाला की त्या एकदम सुरू होतात आणि तिसऱ्या रात्री त्यातल्या बऱ्याच जणी एस्ट्रसला येतात. हा व्हिटन इफेक्ट, १९५० च्या दशकातला. म्हणजे हॉर्मोनचं इंजेक्शन न देता, फुकटात, नुसत्या घाण बेडिंगवर (केजमधल्या भुशावर) काम होतं.

तर आमचं गणित असं. बुधवारी सकाळी नराच्या केजमधलं मूठभर ओलं बेडिंग माद्यांच्या केजमध्ये टाकायचं. त्या आठवड्यात नराचा केज बदलू नका, मामांना आधी सांगून ठेवा नाहीतर मंगळवारी सगळं चकाचक केलेलं असतं आणि टाकायला वासच नसतो (झालंय असं, दोनदा). बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शुक्रवार ही तिसरी रात्र. शुक्रवारी संध्याकाळी पाच-साडेपाचला, लाईट जायच्या आधी, मादी नराच्या केजमध्ये. उलटं करायचं नाही, नर मादीच्या घरात टाकला तर तो अर्धी रात्र नवीन जागा हुंगण्यात घालवतो. एका नराबरोबर एक किंवा दोन माद्या, जास्त नको. आणि हो, शनिवारी सकाळी यायचं आहे, सुट्टी असली तरी.

प्लग

मेटिंग झालं की नराच्या सेमिनल व्हेसिकल आणि कोअॅग्युलेटिंग ग्रंथींचा स्राव मादीच्या योनीत घट्ट होतो, पांढरट-पिवळसर, मेणासारखा कडक गोळा. तो प्लग. काही तास टिकतो, दुपारपर्यंत सुटून पडू शकतो, म्हणून आठ-साडेआठला बघून मोकळं व्हायचं. दहा वाजता डबा खाऊन आरामात आलेल्यांना प्लग सापडत नाही.

मादी जाळीवर, शेपूट वर, चांगल्या उजेडात बघा. काही प्लग तोंडाशीच दिसतात, काही आत असतात, तेव्हा बोथट टोकाची निर्जंतुक काडी अगदी हलकी टेकवून बघायची, कडक लागलं तर प्लग. एस्ट्रसमध्ये आतली कातडी पण जरा पांढरी दिसते, तिला प्लग समजू नका. ती मऊ लागते.

रॅटमध्ये प्लग आखडून खाली पडतो. केजखाली जाळी आणि ट्रेमध्ये कागद ठेवला असेल तर कागदावर मिळतो, पण त्यापेक्षा सकाळी स्मिअर घ्या आणि शुक्राणू बघा. रॅटच्या शुक्राणूचं डोकं विळ्यासारखं वाकडं असतं, एकदा बघितलं की ओळखू येतं, पोह्यांच्या मधे विळे पडलेत असं दिसतं.

प्लग मिळाला म्हणजे गर्भ राहिला असं नाही, मेटिंग झालं एवढंच. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून केजवर लावावंसं वाटतं मला.

दिवस मोजणं

मेटिंग मध्यरात्री झालं असं धरतात, त्यामुळे प्लग दिसलेल्या दिवशी दुपारी बाराला गर्भ अर्ध्या दिवसाचा, म्हणजे ई ०.५ (ई म्हणजे एम्ब्रियोनिक, गर्भाचा दिवस). शनिवारी प्लग तर रविवारी १.५, आणि १२ दिवस पुढे मोजलं की गुरुवार, ई १२.५. मुलं इथे बोटांवर मोजताना शनिवारला एक धरतात आणि एक दिवस चुकतात. एक दिवस म्हणजे लहान वाटतं, पण ११.५ आणि १२.५ च्या गर्भात पंजाच्या आकारात डोळ्यांना दिसेल एवढा फरक असतो, तुमचा सगळा डेटा मिसळून जातो. रॅटवाले शुक्राणू दिसलेल्या दिवसाला काही ठिकाणी दिवस ० म्हणतात, काही ठिकाणी दिवस १. तुमच्या लॅबमध्ये काय म्हणतात ते पहिल्याच दिवशी विचारा आणि पेपरमध्ये पण लिहा.

प्लगवाली मादी लगेच वेगळी करायची, तारीख आणि नराचा नंबर कार्डवर. त्याच दिवशी वजन. परत आठव्या ते दहाव्या दिवशी वजन करा, दोनेक ग्रॅम वाढलं असेल तर बहुतेक गर्भ आहे, काहीच वाढलं नसेल तर बहुतेक नाही. रिकामी निघालेली मादी लगेच परत लावू नका, ती खोट्या गर्भारपणात असू शकते, अकरा-बारा दिवस जाऊ द्या.

आता एक भानगड. प्लग मिळालेली मादी पहिल्या चार-पाच दिवसांत, म्हणजे गर्भ गर्भाशयाला चिकटायच्या आधी, दुसऱ्याच एखाद्या नराच्या वासात गेली तर गर्भ राहत नाही आणि ती परत एस्ट्रसला येते. १९५९ मध्ये लंडनच्या हिल्डा ब्रूस यांनी हे दाखवलं, ब्रूस इफेक्ट. त्यामुळे प्लगवाल्या माद्यांचा रॅक नवीन नरांच्या शेजारी लावायचा नाही, आणि नराला हाताळून त्याच ग्लोव्हजने मादीला हात लावायचा नाही. मी एक पूर्ण बॅच अशी घालवलीय, प्लग सगळ्यांना होते आणि दहाव्या दिवशी वजनं जिथल्या तिथे. रॅकवर वरच्या ओळीत कोणीतरी बाहेरून आणलेले नर आणून ठेवले होते.

बाळंतपण आणि नंतर

उंदीर १९ ते २१ दिवस, रॅट २१ ते २३. आपल्या शनिवारच्या प्लगची पिल्लं गुरुवार-शुक्रवारकडे येतात. सतराव्या-अठराव्या दिवशी केज बदलून घ्या, टिश्यू पेपर टाका, ती तो कुरतडून घरटं करते, आणि मग बाळंतपण होऊन दोन-तीन दिवस जाईपर्यंत केजला हात नाही. मोजायची घाई झालेली असते सगळ्यांना, मला पण व्हायची. हात घालावाच लागला तर ग्लोव्हज आधी त्याच केजच्या बेडिंगमध्ये चोळून घ्या. पिल्लाच्या पोटावर कातडीतून पांढरा डाग दिसला की दूध पोटात गेलंय, निश्चिंत व्हा. स्विस माद्यांना दहा-बारा पिल्लं सहज होतात, ब्लॅक सिक्सला सहा-सात झाली तरी छान म्हणायचं.

नर त्याच केजमध्ये राहिला असेल तर बाळंत झाल्यापासून एका दिवसाच्या आत मादी परत एस्ट्रसला येते आणि परत गर्भ राहतो. ब्रीडिंग कॉलनीसाठी बरंय. पण पहिली पिल्लं दूध पीत असतात म्हणून दुसरा गर्भ चिकटायला उशीर लावतो, आणि दुसरं बाळंतपण २१ दिवस उलटून गेलं तरी होत नाही. टाइम्ड काम असेल तर नर आधीच काढा, नाहीतर कुठला दिवस कुठून मोजायचा ते देवाला माहीत.

बाराव्या-चौदाव्या दिवशी पिल्लं डोळे उघडतात, २१ व्या दिवशी आईपासून वेगळी करायची. तेव्हाच नर-मादी वेगळे. शेपूट उचलून गुदद्वार आणि जननेंद्रिय यातलं अंतर बघा, नरात ते मादीच्या दीड-दोन पट असतं, पण एकट्या पिल्लावरून ठरवू नका, दोन पिल्लं शेजारी धरून तुलना करा. त्याहून सोपं म्हणजे नवव्या-दहाव्या दिवशीच बघून ठेवा, अंगावर लव यायच्या बेतात असते तेव्हा माद्यांच्या पोटावर स्तनांचे ठिपके स्पष्ट दिसतात आणि नरांना ते नसतात. संध्याकाळी सातला घाईत, थकलेल्या डोळ्यांनी हे काम करायचं नाही, कारण मग दोन महिन्यांनी "फक्त माद्या, व्हर्जिन" असं ठळक लिहिलेल्या केजमधून मामा ओरडतात, "मॅडम, इथं आठ बारके जास्तीचे आहेत."